चौथा रकाना

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण बराच वेळ नुसतेच उभे आहोत. तिने गॅस बंद केला. झाकण गप्प झालं आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. आतल्या खोलीत भिंगरी पालथी झोपली होती, एक पाय पलंगाबाहेर. जागी असली की ही पाच वर्षांची पोर एका जागी ठरत नसे, म्हणून भिंगरी. झोपेतसुद्धा तिचा तो एक पाय निघायच्या तयारीत असायचा.

ओट्यावर एक कागद होता. दुकानातला कागद घरी आणायचा नसतो, पण काल संध्याकाळी तो एप्रनच्या खिशातून तिच्याबरोबर आला होता. आला होता म्हणजे तिनेच आणला होता. त्यावर पाच नावं होती आणि तिसरं नाव तिच्या धाकट्या भावाचं होतं. खाली एकच प्रश्न छापलेला: यादीतील कोणाशी आपले नाते आहे काय? होय. नाही. पुढे दोन चौकोन.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. सात वर्षं चिठ्ठ्या वाचून गोळ्या देत होती. डॉक्टरांची अक्षरं तिला नवऱ्याच्या अक्षरापेक्षा जास्त ओळखीची झाली होती. वर्षभरापूर्वी कायदा बदलला. पूड ओढणारा माणूस कालपर्यंत गुन्हेगार होता, तो रुग्ण झाला. अशा माणसांना रोज सकाळी घराजवळच्या दुकानात एक हिरवं पातळ औषध मोजून द्यायचं, म्हणजे अंगाला पुडीची ओढ लागत नाही, असं वर ठरलं. औषध घरी न्यायचं नाही. काउंटरवर, देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्यायचं. येत्या सोमवारपासून त्यांच्या दुकानात ते सुरू होणार होतं.

'होय'वर खूण केली की भावाचं नाव पुढच्या दुकानाकडे जाणार. पुढचं दुकान नदीपलीकडे, दोन बस बदलून. भाऊ फरशीच्या गोदामात माल उतरवायला होता आणि तिथे आठला हजेरी. तो आईबरोबर जुन्या खोलीत राहायचा, इथून दोन गल्ल्या सोडून. आईचं तिला चारदा सांगून झालं होतं, की जवळ आहे म्हणून जाईल गं तो. लांब असतं तर पहिल्या दिवशी गेला असता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात गोळे आले असते.

पेन चालेना. तिने भिंगरीच्या डब्यातून हाताला लागला तो खडू घेतला आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली. खूण जांभळी आली. मग तिने दूध गाळलं.

तसं ते 'नाही' अगदीच खोटंही नव्हतं. भाऊ सहा वर्षं तिच्याशी बोलला नव्हता. समोर आला की तिच्या डोक्याच्या वर, भिंतीवर कुठेतरी बघायचा. आईशी बोलायचा, भिंगरीशी तर भरपूर. तिचा घोडा व्हायचा, तिच्या बाहुलीची चौकशी करायचा. आईला वाटायचं, तुरुंगातून आलेल्या पोराला मोठ्या बहिणीची लाज वाटते, दुसरं काय.

सहा वर्षांपूर्वी ती दुकानात नवीन होती. नशाबंदी खात्याचा माणूस एक भित्तिपत्रक देऊन गेला. मालकांनी ते तिच्या हाती दिलं आणि तिने स्वतः खळ लावून काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवलं, एकही सुरकुती न पडू देता. घरातले कोणी पुडीच्या आहारी गेले आहे? कळवा. आम्ही सांभाळू. नाव गुप्त राहील. खाली मोठ्या आकड्यांत नंबर. आपण स्वतः चिकटवलेल्या कागदावर माणसाचा जरा जास्तच विश्वास बसतो. भाऊ तेव्हा एकोणीसचा, आठवड्यातून एखाद्या दिवशी मित्रांबरोबर ओढणारा. तिला वाटलं, डॉक्टर येतील, कुठेतरी नेतील, महिन्या-दोन महिन्यांनी गालावर मांस घेऊन परत आणून सोडतील. एका दुपारी मालक जेवायला गेले असताना तिने दुकानातूनच फोन लावला.

आले ते दोन पोलीस. आई कामाला गेली होती. भाऊ उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा त्यातला एक जण तिच्याकडे वळून हळूच, अगदी आपुलकीने म्हणाला, "फोन तुम्हीच केला होतात ना?"

नाडीवरचे हात थांबले. भावाने वर बघितलं. मग त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, नीट, दोन गाठी मारून.

चार वर्षांची शिक्षा लागली. आठवड्यातून एकदा घेणारा आत गेला आणि रोज घेणारा बाहेर आला. आईला त्याने त्या फोनचं आजवर सांगितलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण आई अजूनही भाजी निवडता निवडता त्या फोन करणाऱ्याची जीभ झडो म्हणायची, आणि ते लेकीच्या समोर बसून म्हणायची. ती देठं वेगळी करत राहायची. आता दात काढताना भूल दिल्यावर गाल जसा लागतो, आहे आपलाच पण कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा, तसं सगळीकडेच झालं होतं. नवरा एकदाच म्हणाला होता, की तू तेव्हा बरोबरच केलंस. नंतर त्याने तो विषय काढला नाही, तिनेही नाही.

दुकानाच्या मालकांना सगळा मोहल्ला काका म्हणायचा. काकांना भाऊ कोण ते माहीत होतं. यादी आली तेव्हा त्यांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि कागद तिच्या एप्रनच्या खिशात सरकवून दिला. "मला अलीकडे दूरचं दिसत नाही," म्हणाले, "तू बघ काय ते." कायद्याबद्दल मात्र त्यांचं मत ठाम होतं. गल्लीत होतं तोवर तो गुन्हा होता, पोरी, लिफ्टने वरच्या मजल्यांवर गेलं आणि आजार झाला.

शिकवायला खात्यातून एक बाई येऊन गेली होती. तिच्याच वयाची, हसतमुख, प्रत्येक वाक्याआधी 'बरं का' म्हणणारी. नशाबंदी खात्याचं नाव आता आरोग्य-आधार विभाग झालं होतं. बाईने नवं भित्तिपत्रक आणलं आणि ते जुन्याच्या जागी, जुन्याच्याच डागांवर लागलं. हा आजार आहे. बोला. आम्ही ऐकतो. खाली नंबर. नंबर तोच होता.

पद्धत सोपी होती. मापाने कपात ओतायचं, समोर प्यायला लावायचं, वर पाणी द्यायचं, आणि मग बोलायला लावायचं. काही जण औषध गालात धरून बाहेर जातात, बाटलीत काढतात आणि विकतात. तोंडात धरून बोलता येत नाही. तेव्हा एक पूर्ण वाक्य, बरं का, नुसतं हं किंवा मान हलवणं चालणार नाही. त्यासाठी एक लांबोडकी वही दिली होती. चार रकाने: वेळ, मात्रा, प्यायले, बोलले. चौथ्या रकान्यात खूण नसेल तर ती मात्रा दिलीच नाही असं धरलं जाईल.

"चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना गप्प कसं करायचं ते शोधतोय," काका म्हणाले, "आता सरकार सांगतंय, बोलतं करा."

सोमवारी सकाळी पाचही जण आले. पहिले एक निवृत्त मास्तर. त्यांनी औषध प्यायलं आणि सतराचा पाढा म्हणून दाखवला. रोज पुढचा पाढा म्हणेन म्हणाले, संपतील तेव्हा बघू. दुसरी शिवणकाम करणारी. तिला बोला म्हणायची गरजच नव्हती. तिचा जो जावेवरून पट्टा सुरू झाला तो काकांनी शटरच्या तेलाचा विषय काढला तेव्हा थांबला. तिसरा भाऊ.

बोल म्हणायचं की बोला, हे तिने घरून ठरवून आणलं होतं. तिने कप पुढे केला. त्याच्या नखांत फरशीची पांढरी भुकटी होती, दोन नखं काळीनिळी. त्याने एका घोटात संपवलं, वर पाणी प्यायला, ग्लास काचेवर ठेवला.

"बोला," ती म्हणाली.

त्याने तिच्या डोक्याच्या वर बघितलं आणि वाचायला लागला. पहिलीतलं पोर वाचतं तसं, एकेक आकडा सुटा करून. भित्तिपत्रकावरचा नंबर त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिला तो पाठ होता. तो संपेपर्यंत ती पेन धरून उभी राहिली, मग चौथ्या रकान्यात खूण केली. सहा वर्षांत तो तिच्यासमोर पहिल्यांदा काही बोलला होता.

मागे टॅक्सीवाला होता. "मॅडम, हे पाणी तरी जरा साखर घालून देत जा," हे त्याचं वाक्य. शेवटी लिफ्टच्या इमारतीतली एक बाई, हातात गाडीची किल्ली, काळा चष्मा. ती फक्त उद्या किती वाजता उघडाल असं विचारायची, रोज, आणि उत्तर रोज तेच असायचं.

दुसऱ्या दिवशी भावाने वाचलं, काचेवर हात टेकू नयेत. तिसऱ्या दिवशी, सही-शिक्क्याशिवाय चिठ्ठी चालणार नाही. चौथ्या दिवशी, झोपेच्या गोळ्या घेऊन वाहन चालवू नये. मग मलमांच्या कप्प्यावरची चिठ्ठी, मग लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. आवाज सरळ, ना राग ना काही. वाक्य पूर्ण असायचं, त्याचं स्वतःचं नसायचं. टॅक्सीवाल्याला त्यात मजा वाटू लागली. आज काय वाचन, असं विचारायचा, आणि भिंत संपली की माझ्या गाडीची नंबरपाटी वाच म्हणायचा. भाऊ हसून सरळ गोदामाकडे जायचा. टॅक्सीवाल्याशी तो हसायचा.

तिसऱ्या आठवड्यात भिंत खरोखरच संपली आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तेव्हा तिला एक सुचलं. औषध कंपन्या सूचनांचे रंगीत कागद देतात आणि ते खोक्यात पडून राहतात. त्यातला एक तिने काढून लावला: भरपूर पाणी प्यावे. दुसऱ्या दिवशी भावाने तो वाचला. मग तिने दुसरा लावला, मग तिसरा. वेळेवर जेवावे. रात्री पुरेशी झोप घ्यावी. जड वजन उचलताना गुडघे वाकवावेत. तिला त्याला जे काय सांगायचं असेल ते ती आदल्या संध्याकाळी भिंतीवर लावायची, आणि तो सकाळी ते तिलाच म्हणून दाखवायचा. काका म्हणाले की भिंतीचं वर्तमानपत्र झालं, पण काढ म्हणाले नाहीत.

एकदा छापील कागद संपले तेव्हा तिने गोळ्यांचं खोकं फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलं: मला माफ कर. अक्षर चांगलं आलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं, की हे म्हणणार तो. माफी त्यानेच मागितल्यासारखं होईल. तिने पुठ्ठ्याचे चार तुकडे केले, त्यांचे आठ केले आणि टोपलीत टाकले.

दोन महिने असे गेले. वहीत त्याची एकही खूण चुकली नाही. शर्ट खांद्यात घट्ट व्हायला लागला. आई म्हणाली, रात्री झोपतो गं, घोरतो चक्क, मी जागी राहून ऐकते. गोदामातल्या मुकादमाने त्याला माल मोजायला बसवायचं कबूल केलं होतं, पण आठची हजेरी चुकता कामा नये. हे सगळं ती ऐकायची आणि बरं म्हणायची. आनंद झाला असावा. भूल उतरताना गाल आधी मुंग्या येऊन कळतो, तसं थोडंसं कधी वहीवर हात ठेवल्यावर व्हायचं.

मग एका गुरुवारी रंगारी आले. विभागाने ठरवलं होतं की जिथे हे औषध देतात त्या कोपऱ्यांना प्रसन्न रंग द्यायचा. बुधवारी संध्याकाळी तिने स्वतःच सगळे कागद उतरवून ठेवले होते. कपाटांवर धुरकट प्लास्टिक चढवलं होतं, काउंटरच्या काचेवरही. भिंत ओली आणि फिक्या पोपटी रंगाची. भिंगरीच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तीही काउंटरमागे स्टुलावर बसून बाटल्यांची झाकणं एकावर एक रचत होती.

मास्तर पुन्हा फिरून आलेला तेवीसचा पाढा म्हणून गेले. शिवणारी जावेला लावून गेली. भाऊ आला, भिंगरीकडे बघून एक डोळा मिटला, औषध प्यायला, पाणी प्यायला.

"बोला," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. भिंतीवर काहीच नव्हतं. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. नेहमीच्या वाक्याला लागतो तेवढा वेळ गेला, मग त्याच्या दुप्पट. टॅक्सीवाला मागे किल्ल्या वाजवत होता. रंगाचा ब्रश भिंतीवर वर-खाली होत होता.

"मामा, बोल ना," भिंगरी म्हणाली.

भावाचा गळा एकदा हलला. ओठ उघडल्यासारखे झाले आणि मिटले. तिला दिसलं, की आता हा जे बोलेल ते त्याचं स्वतःचं असेल. सहा वर्षांचं जे काय असेल ते, इथे, रंगाऱ्यासमोर, पोरीसमोर. ते तिला ऐकायचं होतं की नव्हतं, हे तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. हात आपोआप वहीकडे गेला. तिने चौथ्या रकान्यात खूण केली.

"झालं," ती म्हणाली. "जा तू."

तो गेला. टॅक्सीवाल्याने खूणही पाहिली होती आणि तिचं 'तू'ही ऐकलं होतं. त्या दिवशी त्याने साखरेचा विनोद केला नाही. औषध प्यायला आणि म्हणाला, "मला रोज माकडासारखं बोलायला लावता. घरच्यांना सूट असते वाटतं." वाक्य पूर्ण होतं. तिने खूण केली.

मग टॅक्सीवाल्याने खात्याकडे तक्रार केली, आणि त्यात त्याचंही चुकलं असं तिला वाटलं नाही. पुढच्या बुधवारी खात्यातली बाई आली. हसतमुखच होती. तिच्या पिशवीत तो कागद होता, जांभळ्या खुणेचा. तिने तो काउंटरवर ठेवला आणि बोट खुणेवर नाही, जरा बाजूला टेकवलं. काका आत औषधं लावत होते. बाटल्यांचा आवाज थांबला.

बाईने समजावून सांगितलं, की घाबरू नका, बरं का, पूर्वीसारखं आता काही नसतं. आता शिक्षा नसते, फक्त बदल असतो. नाव नदीपलीकडे जाईल, सोमवारपासून. तुमची नोकरीही जाणार नाही, फक्त इथे नोंद राहील.

"त्याने गिळलं होतं," ती म्हणाली.

"तुम्हाला खात्री आहे?"

तिने विचार केला. त्या दिवशी ती भावाच्या गळ्याकडे बघत होती. गळा हलला होता, पण तो गिळण्याने की न बोलण्याने, ते तिने नाही पाहिलं. तिने नाही अशी मान हलवली. बाईने ते लिहून घेतलं. मग तिने सांगितलं की त्याला आठची हजेरी आहे, पलीकडे जाऊन यायला साडेनऊ होतील, मुकादम ठेवणार नाही. बाईने तेही लिहून घेतलं, नोंद घेते म्हणाली, आणि तिला खरोखरच वाईट वाटत असावं, कारण लिहिताना तिचं बरं का राहून गेलं.

भित्तिपत्रक अजून लागलं नव्हतं. भिंतीला टेकवून उलटं ठेवलं होतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली की सहा वर्षांपूर्वी नंबर हाच होता.

"हो, लोकांना पाठ झाला होता ना, म्हणून तोच ठेवला. धोरण तेव्हा वेगळं होतं."

"तेव्हा ज्यांनी त्यावर फोन केला, त्यांचं काय?"

बाईने पेन थांबवलं. तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, विभागाच्या सगळ्या योजना मनात चाळल्यासारखं. "त्यांच्यासाठी अजून तरी काही नाही," ती म्हणाली. "मी वर सुचवून बघते."

शनिवारी भाऊ इथे शेवटच्या वेळी आला. भिंत वाळली होती. त्या मोठ्या पोपटी चौकोनात फक्त भित्तिपत्रक होतं, आता फ्रेममध्ये. त्याला पलीकडच्या दुकानाची चिठ्ठी मिळाली होती, शर्टाच्या खिशातून तिचं टोक दिसत होतं. त्याने औषध घेतलं, पाणी घेतलं, ग्लास ठेवला.

"बोल," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं नाही. आधी तिच्या हाताकडे बघितलं, पेनकडे, मग तोंडाकडे.

"ताई, त्या दिवशी मी गिळलं होतं."

आणि तो गेला. दाराशी गाडीवाल्या बाईला वाट द्यायला बाजूला झाला, मग रस्त्याला लागला. तिने वेळ लिहिली, मात्रा लिहिली, तिसऱ्या रकान्यात खूण केली, चौथ्यात केली. टॅक्सीवाला पुढे आला, औषध प्यायला आणि खाली बघत म्हणाला, "आज पाणी गार आहे." तिने त्याचीही खूण केली. दुपारी काकांनी तिला घरी जा म्हटलं. ती म्हणाली, कशाला, आणि खोकल्याच्या बाटल्या तारखेप्रमाणे लावत राहिली.

सोमवारी तो पलीकडे गेला. मंगळवारीही गेला. बुधवारी गोदामात साडेनऊला पोचला आणि मुकादमाने त्याला माल मोजायच्या खुर्चीवरून उठवून पुन्हा उतरवायला लावलं. गुरुवारी तो कुठेच गेला नाही. शुक्रवारी पहाटे बूट घालून बाहेर पडला. पलीकडच्या दुकानात की आणखी कुठे, हे आईला माहीत नव्हतं आणि विचारायची तिची हिंमत नव्हती. शनिवारी पुन्हा तसंच. आईने हे सगळं शेंगा सोलता सोलता सांगितलं आणि सवयीने त्या फोन करणाऱ्यावर आली. हा सगळा त्या एका फोनचा प्रताप, म्हणाली. भिंगरी शेजारी बसून रिकामी टरफलं मोजत होती.

रविवारी दुपारी नवरा कामावर होता. तिने कपडे वाळत घातले आणि खोलीत आली, तर भिंगरीने दुकान मांडलं होतं. स्टूल हा काउंटर. पुढे रांग: बाहुली, एक कान नसलेलं अस्वल, आणि शेवटी एक मोकळी जागा.

"तू तिसरी," भिंगरी म्हणाली. "बस."

ती जमिनीवर बसली. बाहुलीने औषध घेतलं आणि आपण आज फार छान दिसतो असं भिंगरीच्या आवाजात सांगितलं. अस्वलाने पाढा म्हटला. दोन एके दोन झालं आणि दोन दुणे पाच झालं. भिंगरीने दोघांच्या खुणा केल्या. तिच्याकडे वही होती, चार उभ्या रेघा मारलेली, जांभळ्या खडूने. मग तिने खेळातला कप पुढे केला. कपात खरं पाणी होतं, थोडं सांडलेलं.

तिने ते तोंडात घेतलं. पाणी कोमट होतं आणि त्याला प्लास्टिकचा वास होता. गिळायचं राहून गेलं.

"आता बोल," भिंगरी म्हणाली. "पूर्ण वाक्य हवं. नुसतं हं नाही चालत."

ती काहीच म्हणेना, तेव्हा भिंगरीने काउंटरवरून पुढे वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं, काका बघतात तसं, डोळे बारीक करून. खडू चौथ्या रकान्यावर धरलेला होता.

"बरं, मी विचारते, तू नुसतं सांग. आजी म्हणते, कुणीतरी फोन केला म्हणून मामाला पोलिसांनी नेलं. कुणी केला होता गं फोन?"